आडनावातले गाव

(शब्बाथशाळेचे शिक्षक व मंडळीतील अभ्यासवर्ग ह्यांच्यासाठी. शास्त्रवाचन : मार्क ६:१-६, योहान १:४३-४६, योहान १९:१७-२२)

मराठी माणसाला नाव विचारले की तो सहसा तीन नावे सांगतो : स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. पहिली दोन ऐकून आपले समाधान होत नाही. तिसरे कळल्याशिवाय ओळख पुरी झाली असे आपल्याला वाटतच नाही. ह्या आडनावांचे प्रकार पुष्कळ आहेत. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी, सुतार ही कामावरून किंवा वतनावरून आलेली. जाधव, मोरे, साळवे, गायकवाड ही कुळाची. काही टोपणनावे घराण्याला चिकटून बसली आणि त्यांचीच आडनावे झाली. त्यांतली काही अशी आहेत, की मूळ पुरुषाने काय केले असेल ह्याचा विचार न केलेलाच बरा. ह्या पाठात आपल्याला गावावरून आलेल्या आडनावांपुरतेच पाहायचे आहे, म्हणजे ज्यांच्या शेवटी बहुधा ‘कर’ येते त्यांच्यापुरते. सातारकर, पेडणेकर, चिपळूणकर, बेळगावकर, नगरकर. आपल्या मंडळ्यांच्या नामावलीत अशी आडनावे जागोजागी सापडतात. त्यांतल्या एखाद्या मुलाला ‘तुझ्या आडनावाचा अर्थ काय?’ असे विचारले तर तो चटकन सांगेल, ‘आम्ही त्या गावचे.’

उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. साताऱ्यात राहणारे सगळेच साताऱ्याचे. तिथे एकाला सातारकर म्हणून हाक मारली तर कोण वळून पाहणार? गावात माणसाची ओळख निराळ्या खुणांनी होते. अमक्याचा मुलगा, लोहाराच्या घरचा, वरच्या आळीचा, वडाजवळचा. तोच माणूस गाठोडे बांधून परमुलखात राहायला गेला, की तिथे त्याचा बाप कोणाला ठाऊक नसतो, त्याचे घर कोणी पाहिलेले नसते. ठाऊक असते ते एवढेच, की हा कोठून आला. मग तिथले लोक त्याला त्याच्या गावाच्या नावाने ओळखू लागतात, आणि दोन पिढ्यांनी तेच नातवाचे आडनाव होऊन बसते. तेव्हा गावाचे आडनाव म्हणजे कोणीतरी एकदा गाव सोडल्याची नोंद असते. का सोडले ते त्यात लिहिलेले नसते. दुष्काळ, देणे, चाकरी, भाऊबंदकी, लढाई, पटकीची साथ, माणूस कशानेही निघतो.

येथे दोन गोष्टींचा खुलासा केला पाहिजे. आज आपण पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर असे सरसकट म्हणतो, ते त्या शहरातल्या रहिवाशांना. आडनाव ही गोष्ट त्याहून वेगळी. दुसरे असे, की आडनाव एकदा शाळेच्या दाखल्यावर, जमिनीच्या उताऱ्यावर आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत चढले, की मग ते सुटत नाही. माणूस मूळ गावी परतला तरी त्याच्याबरोबर परत येते. म्हणून आपल्याच गावाचे नाव लावून त्याच गावात राहणारी घरेही दिसतात, गोव्यात तर विशेष.

सीमाभागातल्या वाचकांना ह्याचे उत्तम उदाहरण घरच्या घरी मिळेल. बेळगाव, चंदगड, आजरा, गडहिंग्लज ह्या पट्ट्यात बारदेसकर म्हणून ओळखले जाणारे रोमन कॅथलिक बांधव आहेत. त्यांचे पूर्वज गोव्यातल्या बारदेस प्रांतातून घाट चढून वर आले. खुद्द बारदेसात सगळेच बारदेसचे, तेव्हा तिथे ह्या नावाने कोणाची निराळी ओळख पटणार नाही. घाटावर पटली, म्हणून ते घाटावर जन्मले.

इंदूरच्या वाचकांना तर ह्याहून मोठे उदाहरण आहे. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) ह्यांचे मूळ गाव नीरा नदीच्या काठचे होळ. मल्हारराव अगदी लहान असताना वडील वारले आणि आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला आपल्या भावाकडे राहायला गेली. म्हणजे ज्या घराण्याने १९४८ पर्यंत इंदूरचे राज्य केले, त्याच्या नावात नीराकाठचे एक लहानसे गाव आहे, आणि ते गाव सोडून मामाच्या आश्रयाला गेलेला एक पोरका मुलगा आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे गाव साताऱ्याकडचे कण्हेरखेड आणि बडोद्याच्या गायकवाडांचे पुण्याकडचे दावडी; पण त्या दोन घराण्यांनी कुळाचेच नाव चालवले. फलटणचे नाईक निंबाळकर मात्र पुन्हा गावाचे, निंबळक गावाचे. ते मूळचे पवार म्हणवतात.

गावाचे नाव लावण्याचे एक कारण अगदी व्यवहाराचे असते. एकाच आडनावाची घराणी वाढली, की त्यांना वेगळे कसे ओळखायचे? पेशवाईत पटवर्धन सरदारांच्या शाखा झाल्या, तेव्हा सांगलीकर, मिरजकर, जमखंडीकर, कुरुंदवाडकर अशी गावे पुढे लागली. इचलकरंजीचे घोरपडे इचलकरंजीकर झाले. हे ‘कर’ मालकीचे आहे. त्या गावातून निघालेल्याचे नव्हे, त्या गावावर सत्ता असलेल्याचे. सरदारांचे ठीक आहे. आपण ह्या पाठात पाहतो आहोत ते निघालेल्यांचे.

शब्दाच्या घडणीबद्दल थोडे सांगतो, कारण मुलांना त्याची मौज वाटते. ‘कर’ लागताना गावाचे नाव थोडे झिजते किंवा वळते. सातारा–सातारकर, दिवेआगर–दिवेकर. गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर (१९५५–२०१९) ह्यांच्या आडनावातले गाव म्हणजे बारदेसातले पर्रा. कोंकणी बोलण्यात ‘कर’चा उच्चार ‘कार’ असा लांबतो; गोंयकार, मडगांवकार. आणि कारवार ओलांडून दक्षिणेला गेले, की गंमत अशी, की प्रत्ययच गळून पडतो. तिथे कानडी मुलखात स्थायिक झालेली कोंकणी घरे कानडी रीतीप्रमाणे नुसते गाव लावतात. नाटककार गिरीश कर्नाड (१९३८–२०१९) ह्यांचे कर्नाड मुल्कीजवळचे. बॅडमिंटनपटू प्रकाश पडुकोण ह्यांचे पडुकोणे कुंदापूरच्या बाजूचे. धारवाडकडे एकाच नवलगुंद गावाहून निघालेला कानडी माणूस नवलगुंद होतो आणि मराठी माणूस नवलगुंदकर. हैदराबादकडच्या वाचकांना तेलुगू शेजाऱ्यांची ‘इंटिपेरू’ माहीत असतील. ती नावाच्या आधी येतात, पण त्यांतलीही पुष्कळ गावांचीच. बडोद्याला पारशी घरांत भरूचा आणि बिलिमोरिया भेटतात. एकूण ही खोड एकट्या मराठी माणसाची नाही.

आता शास्त्रभागाकडे वळू. मार्काच्या सहाव्या अध्यायात आपला प्रभू स्वतःच्या गावी येतो आणि सभास्थानात शिकवतो. ऐकणारे थक्क होतात आणि आपसांत त्याची ओळख पटवू लागतात. ते कशी पटवतात ते वर्गाकडून शोधून घ्या. ते त्याचा धंदा सांगतात, आईचे नाव घेतात, चार भावांची नावे घेतात, बहिणी इथेच आहेत असे म्हणतात. गावाचे नाव मात्र कोणीच घेत नाही. घेण्याची गरजच नव्हती, कारण सगळेच त्या गावचे. आता ‘नासरेथकर’ हा शब्द कोणाच्या तोंडी येतो ते पाहा. कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाच्या (मार्क १:२४). प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकत बसलेल्या पेत्राला हटकणाऱ्या दासीच्या (मार्क १४:६७). यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाच्याही कानी तो ह्याच नावाने येतो (मार्क १०:४७). हे सगळे नासरेथाच्या बाहेरचे. आपल्या मराठी भाषांतरकारांनी येथे ‘कर’ घातला आणि वधस्तंभ वाहणाऱ्या शिमोनालाही ‘कुरेनेकर’ केले. मला वाटते, मूळ भाषेतला सगळा भाव ह्या एका प्रत्ययात जितका सहज उतरला, तितका फार थोड्या भाषांत उतरला असेल.

प्रभूचा जन्म बेथलेहेमात, दाविदाच्या नगरात. आडनावच लावायचे तर ते मोठे मानाचे ठरले असते. पण लोकांनी लावले ते नासरेथाचे, आणि नासरेथाची किंमत काय होती हे नथनेलाच्या प्रश्नावरून कळते. तिथून काही चांगले निघेल काय, असे त्याने फिलिप्पाला विचारले. हा नथनेल कोठला? योहान २१:२ मध्ये दिले आहे, गालीलातल्या काना गावचा. म्हणजे यरुशलेमेतला कोणी विद्वान नव्हे, शेजारच्याच गावचा माणूस! शेजारच्या गावाबद्दल हलके बोलण्याची सवय आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये. पुढे पिलाताने वधस्तंभावर जी पाटी लावली, तीत प्रभूच्या नावाबरोबर हेच गाव लिहिले, इब्री, रोमी व हेल्लेणी अशा तीन भाषांत. मुख्य याजकांनी पाटीतला राजेपणाचा शब्द बदलायला सांगितला. गावाच्या नावाला त्यांनी हरकत घेतल्याचे लिहिलेले नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात मोठेपणा नव्हताच.

आता आपल्याकडच्या आडनावांविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कुलकर्णी किंवा सुतार म्हटले, की ऐकणारा मनात जातीचे खाते उघडतो. गावाचे आडनाव तेवढे उघड बोलत नाही. एकाच गावातून ब्राह्मण निघाला, मराठा निघाला, महार निघाला, मुसलमान निघाला, आणि परगावी पोचल्यावर चौघेही त्याच गावाचे झाले. कोकणातल्या मुसलमान घरांतही ‘कर’ असलेली आडनावे आहेत. ह्या बाबतीत सर्वांत लक्षात राहण्यासारखे उदाहरण बेने इस्राएल लोकांचे. रायगड जिल्ह्यात, पूर्वीच्या कुलाब्यात, शेकडो वर्षे राहिलेले हे यहूदी तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. जॉन विल्सन (१८०४–१८७५) ह्यांच्यासारख्या मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांची मुले शिकली. त्यांची आडनावे पाहा : पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यांच्या नावातले गाव म्हणजे अलिबागजवळचे किहीम. हिंदी चित्रपटांतले चरित्र अभिनेते डेव्हिड ह्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९४८ नंतर ह्या समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलात गेले. पूर्वजांच्या वचनदत्त देशात पोचतानाही त्यांच्याबरोबर पेण, रोहे आणि चौल गेलेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या आडनावाची हकीकत पुष्कळांना माहीत असते, पण ती ह्या अंगाने वाचलेली नसते. त्यांचे घराणे सकपाळांचे आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सैन्यात होते, म्हणून मुलाचा जन्म १८९१ साली आंबडव्याला न होता इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. वडिलांनी गावावरून आंबडवेकर असे आडनाव लावले आणि पुढे शाळेतल्या एका शिक्षकाच्या नावावरून त्याचे आंबेडकर झाले, असे त्यांच्या चरित्रांत येते. शाळेत ह्या मुलाला वेगळे बसावे लागले. आडनावाने ते टळले नाही, कारण शाळेला जात माहीतच होती. तरी जे नाव पुढे घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाचे म्हणून देशाला माहीत झाले, ते मूळ एका खेड्याचे, आणि त्या खेड्यात त्यांचा जन्मही झालेला नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीत तर गावाच्या नावाने फार मोठे काम केले आहे, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. गोव्यातल्या देवळांच्या सेवेतील कलावंत घराण्यांत जन्मलेल्या मुलींना वडिलांचे नाव लावण्याचा हक्क समाज देत नसे. गाणे शिकून त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी नावापुढे आपले गाव लावले. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) केरी गावच्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर जी ध्वनिमुद्रिका अंतराळात पाठवली, तीत त्यांचे गाणे आहे. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) कुर्डी गावच्या. दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) हेही अशाच आईचे पुत्र. त्यांचे वडील मंगेशीच्या देवळात पुजारी होते, पण दीनानाथांनी लावले ते मंगेशी गावाचे नाव. त्यांच्या कन्या लताबाई (१९२९–२०२२) जन्मल्या इंदुरात, गायल्या मुंबईत, आणि गोव्यातले ते लहान गाव जगभर त्यांच्या नावाने गेले. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) मिरजेस जन्मल्या, पण आई ताराबाई माने बडोद्याच्या, म्हणून नाव बडोद्याचे. धारवाडच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) ह्यांनी कानडी रीतीने नुसते हनगल लावले. बाप कोण, हा प्रश्न विचारून ज्यांना खाली पाहायला लावता आले असते, त्यांना गावाच्या नावाने मान वर करून उभे राहता आले.

शुभवर्तमानांत मरीया नावाच्या स्त्रिया अनेक आहेत. एक याकोबाची आई, एक क्लोपाची बायको. अशी त्यांची ओळख मुलावरून किंवा नवऱ्यावरून दिलेली आहे. एकीची मात्र तशी नाही. मग्दालिया मरीया ही गालील सरोवराच्या काठच्या मग्दाला गावची. तिचा नवरा, मुलगा, बाप कोणाचाही उल्लेख नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी प्रभू पहिल्याने दिसला तो हिला. वर्गात हा भाग घेताना केसरबाई आणि मोगूबाईंचा उल्लेख करायला संकोच वाटू देऊ नये. मोठ्या मुलींच्या वर्गात तर अवश्य करावा.

आपल्या स्वतःच्या मंडळ्यांत काय झाले? गोव्यात आणि वसईत सोळाव्या शतकापासून बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे आली, फर्नांडिस, डिसोझा, परेरा. त्यांत जुने गाव आणि जुने कूळ दोन्ही झाकले गेले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची रीत निराळी पडली. अमेरिकन मिशन १८१३ साली मुंबईस आले, पुढे स्कॉटिश मिशन आले. त्यांच्या मंडळ्यांत मुलांची नावे शास्त्रातली ठेवण्याची चाल पडली, तरी आडनावे बहुतेक जुनीच राहिली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) बाप्तिस्म्यानंतरही टिळकच होते. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांचा जन्म बेळगावचा आणि घराण्याचे आडनाव मुळे, पण त्यांनी ना गाव लावले ना मुळे. वडिलांच्या नावानेच ते ओळखले गेले. तेव्हा आपल्या नामावलीत आज कुळाचे, कामाचे, गावाचे आणि बापाचे, असे सगळ्या प्रकारचे आडनाव शेजारीशेजारी बसते. प्रभुभोजनाच्या मेजाभोवती ते तसेच बसावे.

बसते का? लग्नाच्या बोलण्यात पाहा. ‘मूळचे कोण?’ असे उघड विचारण्याची लाज वाटते, म्हणून ‘मूळचे कुठले?’ असे विचारले जाते. उत्तरात गाव आले, की तालुका विचारतात. तालुका कळला, की त्या गावात घर कोणत्या बाजूला होते ते विचारतात. आडनावात ‘कर’ असेल तर आणखी एक प्रश्न येतो, ‘पण त्याच्या आधी काय लावत होता?’ तीन-चार प्रश्नांत जात हाती लागते आणि मग पत्रिका जुळत नाही असे म्हणण्याची सोय आपल्यात नसल्यामुळे ‘मुलीला इतक्यात करायचे नाही’ असे कळवले जाते. हे मंडळीच्या वडिलांच्या घरातही होते. गावाचे नाव ज्या गोष्टीला आडोसा देत आले, तीच उकरून काढण्यासाठी आपण त्याचा धागा म्हणून उपयोग करावा, ह्याला मी पाप म्हणतो, आणि संडे स्कूलच्या अभ्यासलेखात हा शब्द वापरायला मला संकोच वाटत नाही.

ह्याची दुसरी बाजूही आहे. शहरात भाड्याची खोली मिळावी, नोकरीच्या ठिकाणी कुजबुज नको, म्हणून कोणी तरुण राजपत्रात जाहिरात देऊन कुळाचे आडनाव टाकतो आणि गावाचे घेतो. मंडळीत त्याच्यावर टीका होते की ह्याला आपल्या माणसांची लाज वाटते. मला ती टीका घाईची वाटते. रामजी सकपाळांनी मुलाचे नाव गावावरून घातले तेव्हा त्यांना कोणाची लाज वाटत होती असे कोण म्हणेल? ज्याला दार उघडत नाही तोच जाणतो की किती वेळा ठोठावले. ज्यांच्या आडनावाकडे कोणी दोनदा पाहत नाही, त्यांनी ह्या बाबतीत थोडे गप्प राहावे.

आता गावांचे काय झाले ते पाहू, कारण नाव राहते पण गाव राहतेच असे नाही. मोगूबाईंचे कुर्डी सांगे तालुक्यात होते. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते गाव उठवले गेले आणि पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, पाणी ओसरले की घरांचे चौथरे, वाटा, देऊळ वर दिसू लागते. तेव्हा जुने गावकरी तिथे जमतात, हिंदू आपल्या देवळाचा उत्सव करतात आणि ख्रिस्ती आपल्या कपेलाचे फेस्त. पाऊस लागला की गाव पुन्हा आत. कोयना, उजनी, जायकवाडी ह्या धरणांखालीही पुष्कळ गावे गेली, आणि त्यांची नावे लावणारी घरे आज दुसऱ्या जिल्ह्यांत आहेत.

काही गावे जागेवर आहेत, पण त्यांची नावे बदलली. बेळगाव २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, औरंगाबाद २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर. बेळगावकर, औरंगाबादकर, नगरकर मात्र आहेत तसेच आहेत. ह्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे. शिक्षकाने एवढेच दाखवावे, की नकाशा बदलतो तेव्हा जुने नाव लोकांच्या दारावरच्या पाटीवर शिल्लक राहते.

आणि काही घरांत गावच हरवलेले असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या कित्येक मराठी घरांना बाहेर पडून दोनशे वर्षे होऊन गेली. आडनावातले गाव कोणी पाहिलेले नाही, आणि कोणत्या जिल्ह्यात आहे तेही सांगता येत नाही. हिंदी मुलखात ‘ळ’ जाऊन ‘ल’ येतो, त्यामुळे गावाचे नाव ओळखू येईनासे होते. पळशीकरांचे पलसीकर होतात. शिवाय महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक खेडी आहेत, आणि त्यांत वडगाव, पिंपळगाव, शिरूर, खेड ह्या नावांची किती तरी. नेमके आपले कोणते हे शोधायचे तर जनगणनेच्या जिल्हावार पुस्तकांत गावांच्या याद्या असतात, त्या पाहाव्यात. घरातल्या जुन्या पत्रांवर टपालाचे शिक्के असतात. आणि मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीत पुष्कळदा आई-वडिलांचे राहण्याचे ठिकाणही लिहिलेले आढळते. ह्या नोंदवह्या कोठे ओल लागून कुजत असतील तर पाळकांना सांगून त्या आधी कोरड्या जागी हलवा. पाठ पुढच्या रविवारी घेतला तरी चालेल.

वर्गात हा पाठ असा घ्यावा. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक एकत्र दिसतील असा मोठा नकाशा भिंतीवर लावा. आठवडाभर आधी मुलांना घरी तीन गोष्टी विचारून यायला सांगा : आपल्या घराण्याचे गाव कोणते, तिथून पहिल्याने कोण निघाले, आणि का निघाले. तिसऱ्या प्रश्नाला घाईचे उत्तर मिळेल. मुलांना आजोबांजवळ बसून पुन्हा विचारायला लावा. मग प्रत्येकाने नकाशावर आपले गाव शोधून टाचणी लावावी. वर्गात कोणाच्या जातीचा विषय निघू लागला तर तो तिथेच थांबवावा, हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्या आडनावात गाव नाही, गायकवाड किंवा फर्नांडिस, त्यांनाही गाव आहेच. त्यांनाही टाचणी द्या.

नकाशा भरत आला, की मुलांच्या ध्यानात आणून द्या, की हे सगळे वडिलांकडचे झाले. आई आणि आजी ह्यांनीही गाव सोडलेच होते, लग्नाच्या दिवशी. पण त्यांच्या गावाचे आडनाव कोणालाच मिळाले नाही. ते घरात दुसऱ्या रीतीने टिकते. मिरजेची काकू, बडोद्याची आत्या, इंदूरच्या मावशी, असे आपण म्हणतोच. तेव्हा पुढच्या रविवारी मुलांनी आजीच्या माहेरचे गाव विचारून यावे, आणि त्यासाठी दुसऱ्या रंगाच्या टाचण्या लावाव्यात.